भिंतींवर नुसते रंग

"यांच्या घरात कधी कुणी मेलंच नाही की काय गं?" शकूआत्या माझ्या कानाशी लागून पुटपुटली आणि लगेच समोर बघून गोड हसली.

साताऱ्यात जगदाळ्यांच्या हॉलमध्ये आम्ही सोफ्यावर ओळीनं बसलो होतो. मी, आत्या आणि नाना, म्हणजे माझे वडील. समोरच्या खुर्च्यांवर विलासराव जगदाळे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा निरंजन. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. निरंजननं मला पसंत केलं होतं, मला तो आवडला होता, आणि घर बघून झालं की त्याच दिवशी होकार सांगून मोकळं व्हायचं असं ठरलं होतं. खरं तर घर बघायला मुलीनं जायचं नसतं. आत्यानं तसं बजावलंही होतं. मी म्हटलं, राहायचं मला आहे आणि बघून तुम्ही येणार, हा कुठला न्याय?

"भिंती बघ की जरा," आत्यानं कोपरानं ढोसलं.

भिंतींवर चित्रं होती. सोफ्यासमोर एक भलंमोठं, वर दाट मरून आणि खाली नारिंगी, दोन्ही रंग जिथं भेटतात तिथली कड पुसट. बस्स. झाड नाही, माणूस नाही, गणपती नाही. टीव्हीच्या वर निळ्यात निळं. जेवणाच्या टेबलापाशी हळदीसारखं पिवळं आणि त्यात एक पांढुरका चौकोन. आत जायच्या पॅसेजमध्येही काहीतरी हिरवं दिसत होतं. आमचं कराडला रंगांचं दुकान. कॉलेज संपल्यापासून मी नानांबरोबर दुकानात बसायचे, गिऱ्हाइकांपुढे शेडकार्डं उलगडायचे, त्यामुळे नुसत्या रंगाकडे बघत बसायची मला सवय होती. मला ती चित्रं आवडली, हे आधीच सांगून टाकते. आत्याचं तसं नव्हतं.

"चित्र छान आहे हो," आत्या मोठ्यानं म्हणाली. "कशाचं आहे?"

"रंगांचं आहे, आत्या," निरंजन म्हणाला. "प्रिंट आहे. हल्ली असंच लावतात."

"रंगांचं आहे ते दिसतंय. पण कशाचं?"

"अगं शकू, मॉडर्न आर्ट असतं ते," नाना मध्ये पडले. "त्यात कशाचं असं नसतं."

"नसतं होय?" आत्या म्हणाली. "बरं. विलासराव, तुम्हाला आवडतं का हो हे?"

विलासराव खिडकीबाहेर बघत होते. आपल्याशीच बोलणं चाललंय हे त्यांना जरा उशिरानं कळलं. "मुलांची आवड," ते म्हणाले. त्यांनी चित्राकडे बघितलंसुद्धा नाही, आणि नंतर माझ्या लक्षात आलं की आम्ही आल्यापासून ते एकाही भिंतीकडे बघत नव्हते. एकदा खिडकी, एकदा फरशी. स्वतःच्याच घरात अवघडून बसलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

आत्याची शंका मला कळली होती. आपल्याकडे हॉलमध्ये फोटोत कुणी ना कुणी हार घातलेलं असतंच. आजोबा, आजी, अवेळी गेलेला काका. आणि या घरातली तर बाईच गेलेली होती. निरंजनची आई.

ते मला निरंजननंच सांगितलं होतं. कराडला कांदेपोहे झाल्यावर आम्हाला दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा. मी आठवीत असताना माझी आई वारली. मुलगा बघायला आला म्हणून असल्या गोष्टी काढायच्या नसतात, पण त्यानं सहज विचारलं, "आईची आठवण येते का?" आणि मला एकदम रडूच फुटलं. अगदी शोभा झाली. त्यानं खिशातला रुमाल काढून दिला आणि म्हणाला, "कळतं मला. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. काविळीचं निमित्त झालं." मग आम्ही दोघं काही न बोलता धान्य वाळत घातलेल्या चादरीशेजारी बसून राहिलो. मी त्याला होकार दिला तो तिथेच. बाकी सगळं, नोकरी, फ्लॅट, उंची, ते नाना आणि आत्यासाठी होतं.

आमच्याकडे कुठलंही शुभकार्य असलं की आधी आईच्या फोटोला हार घालायचा आणि मगच घराबाहेर पडायचं. त्या सकाळी मी मंडईतून झेंडूचे दोन हार आणले. एक आईला घातला. दुसरा केळीच्या पानात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, निरंजनच्या आईसाठी. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आत्या म्हणाली असती की लग्नाआधीच सासूची एवढी काय घाई! आणि आता हार पर्समध्ये होता नि फोटोचा पत्ता नव्हता.

पोहे आले. निरंजननं स्वतः आतून ताटल्या आणल्या.

"कुणी केले?" आत्यानं पहिला घास घेऊन विचारलं.

"मीच," निरंजन हसला. "आम्ही दोघंच ना घरात. शिकावंच लागलं."

"हो का," आत्या म्हणाली. तिनं चमच्यानं पोहे उलटेपालटे केले, खोबरं बघितलं, कोथिंबीर बघितली, आणि माझ्याकडे एक नजर टाकली. मग "हात धुऊन येते हं" म्हणून ती उठली आणि कुणी वाट दाखवायच्या आत स्वयंपाकघरात शिरली.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. नाना आणि विलासराव धरणातल्या पाण्यावर बोलत होते. आत्या माझ्याजवळ सरकली. "रेवा, या घरात बाईचा वावर आहे."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. पोळपाट ओला आहे. फडताळात डबे असे लावलेत की बाप्याच्या जातीला जन्मात जमायचं नाही. आणि न्हाणीघरात खिडकीत फणी आहे, तिच्यात एवढा लांब केस." तिनं बोटानं हवेत केस दाखवला. "पिकलेला. म्हणजे कामवाली पोरगी नव्हे."

"म्हणजे?"

"म्हणजे म्हाताऱ्यानं कुणीतरी ठेवलीय. आणि आपण येणार म्हणून तिला बाहेर काढलीय. लग्न होऊन तू आलीस की चार दिवसांत येईल परत. मग बस तिच्या हाताखाली भांडी विसळत."

मी विलासरावांकडे बघितलं. ते नानांना मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष सगळं दाराकडे होतं. बाहेरच्या दाराकडे. जिन्यात जरा पाऊल वाजलं की त्यांचे डोळे तिकडे जायचे. आत्याचं खरं निघतंय की काय?

"मी पाणी पिऊन येते," असं म्हणून मी उठले.

पॅसेजमधलं हिरवं चित्र अगदी जवळून बघितलं. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना दुकानातल्या पुठ्ठ्याच्या टोप्या तशाच होत्या. घाईघाईत टांगताना काढायच्या राहून गेलेल्या. मी इकडेतिकडे बघून चित्राची एक बाजू जरा उचलली. मागे भिंतीचा रंग उजळ होता. दोन चौकोन, एक उभा, एक आडवा. बाकीची भिंत ऊन आणि धुरानं पिवळट झालेली, आणि हे दोन चौकोन नव्या कोऱ्या भिंतीसारखे. वर्षानुवर्षं तिथं काहीतरी टांगलेलं होतं. ते काढलं होतं आणि त्या खुणा झाकायला ही चित्रं आणली होती. सगळ्या घराला त्यासाठी रंग लावला होता म्हणा ना.

म्हणजे फोटो होते. मग आईचा फोटो काढून ठेवण्यासारखं काय होतं त्यात? मेलेल्या माणसाचा फोटो कुणी लपवतं का? का खरंच कुणी दुसरी आली होती आणि तिला पहिलीचा फोटो डोळ्यांसमोर नको होता? माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. एक मात्र पक्कं झालं, की विचारल्याशिवाय मी या घराबाहेर पडणार नव्हते.

मी हॉलमध्ये आले, पर्स उघडली आणि केळीचं पान सोडलं. झेंडूचा वास खोलीभर पसरला.

"आईंचा फोटो कुठे आहे?" मी निरंजनला विचारलं. "मला हार घालायचाय. नमस्कार करायचाय."

निरंजन अर्धवट उठला. "फोटो... तो फ्रेमिंगला दिलाय. काच फुटली होती."

"दुसरा असेल की एखादा. लहान असला तरी चालेल. टेबलावर ठेवून घालते."

"नंतर घालूया ना. आत्ता कशाला..."

"आत्ताच," मी म्हणाले. "मी ठरवून आलेय."

मी हार दोन्ही हातांत धरून उभी होते. विलासराव माझ्याकडे, म्हणजे त्या हाराकडे बघत होते. मग ते एकदम ओरडलेच.

"नको! हार नको! टाका तो, टाका आधी बाहेर!"

नाना दचकून उठले. आत्याच्या हातातली ताटली कलंडली, पोहे फरशीवर.

"बाबा!" निरंजन म्हणाला.

"गप्प बस," विलासराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "पोरी, जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. शालन जिवंत आहे. तिला काहीही झालेलं नाही. समोरच्या फ्लॅटात बसलीय ती, फडतऱ्यांच्या घरी."

विलासराव उठले, दार उघडून जिन्याच्या पलीकडच्या दाराशी गेले आणि त्यांनी बेल वाजवली. "शालन, ये बाहेर," त्यांचा आवाज आला. "ये गं. बास झालं आता."

ती आली. डोक्यावर पदर, हात पदराखाली. पण चेहरा कुठं झाकणार? कपाळापासून हनुवटीपर्यंत कोड होतं, ओठांभोवती पांढरं, डोळ्यांभोवती पांढरं, मध्ये मूळचा गव्हाळ रंग. नीट बघितलं तर निरंजनचं नाक आणि निरंजनचे डोळे. तिनं आत येऊन आधी फरशीवर सांडलेले पोहे बघितले आणि खाली बसून ते गोळा करायला लागली.

"अहो, राहू द्या ते," आत्या म्हणाली.

"यांच्यावर रागावू नका," ती खालीच बघत म्हणाली. "या दोघांचा काही दोष नाही. मीच सांगितलं होतं तसं. आधी दोन स्थळं आली. दोन्ही वेळेला मुलगी पसंत, पत्रिका पसंत, सगळं पसंत. मला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी फोन. कोड कुणाला लागत नाही, डॉक्टर सांगून दमले, पण लोकांना कोण समजावणार? मी म्हटलं, माझ्या पायी पोराचा संसार अडायला नको. मी गेले म्हणून सांगा. लग्न झालं की मी जाईन माझ्या बहिणीकडे वाईला, कायमची. कुणाला कळायचं नाही."

"आणि हा गाढव ऐकून बसला," विलासराव म्हणाले. त्यांनी बोट निरंजनकडे रोखलं होतं. "तिचा फोटो मोठा करून आणला यानं. चंदनाचा हारसुद्धा आणला. भिंतीला लावायला निघाला. तेव्हा मी सांगितलं, तोंडानं मी हवं ते खोटं बोलीन, पण तिच्या फोटोला हार घातलेला मी बघणार नाही. मग म्हणाला, आजी-आजोबांचे फोटो राहिले आणि आईचा नाही, तर लोक विचारतील. म्हणून सगळेच उतरवले. आणि ही आणून लावली." त्यांनी पहिल्यांदाच त्या मरून चित्राकडे बघितलं. "रंग नुसते!"

नाना खाली बसले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. आणि मग शकूआत्या, जी मघापासून तोंडाचा आ करून बघत होती, तिनं एक भलामोठा सुस्कारा सोडला.

"अगंबाई, कोड होय? एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं, काय भानगड आहे नि काय नाही! अहो बाई, उठा तुम्ही. उठा आधी. आमच्या रेवाची आई गेली, तेव्हापासून ती पोर 'आई' म्हणायला माणूस शोधतेय. कोडाचं काय घेऊन बसलात! ए दादा, बोल की काहीतरी."

"आमची काही हरकत नाही," नाना म्हणाले. "सांगितलं असतंत तरी नसती."

शालनबाईंनी हातातले पोहे तसेच मुठीत धरले आणि त्या रडायला लागल्या. विलासराव त्यांच्याशेजारी फरशीवरच बसले. आत्यानं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, पोह्यांसकट. सगळ्या घरातला ताण असा उतरला की आता पेढे मागवायचंच काय ते बाकी होतं.

निरंजन माझ्याकडे बघून हसला. सुटलो, असं ते हसू होतं. आणि त्या हसण्यानंच माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

"जरा गॅलरीत येता?" मी म्हणाले.

गॅलरीत ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. निरंजन कठड्याला टेकून उभा राहिला. "सॉरी," तो म्हणाला. "मला सांगायचंच होतं. लग्नानंतर शांतपणे सांगणार होतो. पण बरं झालं, आपोआप झालं."

"मी तुम्हाला माझ्या आईबद्दल सांगत होते, तेव्हा सांगावंसं वाटलं नाही?"

"तेव्हा कसं सांगणार? तू रडत होतीस."

"म्हणून तुम्हीही सांगितलंत, तुमची गेली म्हणून."

"आईनंच तसं ठरवलं होतं. मी काय करणार? तिच्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही मी."

"मी गेले असं सांगा, हे आईंनी सांगितलं. काविळीनं गेले, हेही त्यांनीच सांगितलं का?"

मी वाट बघितली. खालचा माणूस बादलीतलं पाणी गाडीवर ओतत होता.

"ते मी," तो शेवटी म्हणाला. "काहीतरी सांगायला हवं होतं ना. नुसतं गेली म्हटलं तर लोक खोदून खोदून विचारतात. कावीळ पटते सगळ्यांना."

असं अगदी सहज म्हणाला तो. गच्चीवर रुमाल पुढे करताना जसा त्याचा आवाज होता, तसाच आवाज. त्यात खोट नव्हती, कंप नव्हता, आणि मला कळेना की यातलं खरं मी आता ओळखायचं कशावरून. त्याचे वडील हार बघून ओरडले होते. त्यानं दुकानात जाऊन हार निवडून आणला होता.

"एकदा तरी म्हणालात का त्यांना, की आई, हे मी करणार नाही?"

"रेवती, मी तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं? म्हणजे, आपल्यासाठी."

मी आत आले. आत्या शालनबाईंना आमच्याकडच्या लग्नाच्या रीती सांगत होती, मानाच्या साड्या किती नि काय. मी नानांना म्हटलं, "नाना, निघूया." माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आत्याला मात्र विश्वासच बसेना.

"अगं, निघूया काय? पेढे आणायला चाललेत की हे."

"मला हे लग्न करायचं नाही," मी म्हणाले. आवाज चिरका झाला, पण म्हणाले.

शालनबाईंनी आत्याच्या हातातून आपले हात काढून घेतले आणि पुन्हा पदराखाली घातले. "माझ्यामुळेच ना?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, काकू. तुमच्यामुळे नाही. शप्पथ सांगते."

"असू दे. पहिल्या दोघींनीसुद्धा असंच सांगितलं होतं."

मी त्यांच्यासमोर बसले. नाही, नाही, म्हणून परत परत सांगितलं. तुम्ही घरात असता तर मी आनंदानं आले असते, हेही सांगितलं, आणि ते खरं होतं. त्या मान डोलवत राहिल्या, लहान मूल काहीतरी बोलतंय आणि त्याचं मन मोडू नये म्हणून डोलवावी तशी. त्यांना पटलं नाही. निरंजन गॅलरीच्या दारात उभा होता. खरं कारण त्याला माहीत होतं, आणि एका वाक्यात तो आईचं ओझं उतरवू शकला असता. मी त्याच्याकडे बघत थांबले. तो काही बोलला नाही.

गाडीत आत्या कराडचा रस्ता लागेपर्यंत बोलत होती. सोन्यासारखं स्थळ घालवलं म्हणाली, दुसऱ्याच्या आईसाठी जीव तुटतो आणि घरात यायला मात्र नकार, असली कसली गं तू, म्हणाली. "आणि काय एवढं आभाळ कोसळलं? एक खोटं बोलला पोरगा, तेही आईच्या सांगण्यावरून."

"आत्या," मी म्हटलं, "त्याच्या आईला नुसतं कोड आलं, तर त्यानं तिला मारून टाकली. मला तर अजून सगळं आयुष्य काढायचंय. काय काय होईल मला."

नानांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बराच वेळ ते स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले.